चित्र, अहवाल आणि बातमी



मराठीची पदवी घेऊन पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी विचारला गेला असेल. त्याचे एक अनपेक्षित उत्तर मी या लेखात मांडणार आहे. मी जवळपास पंचवीस वर्षे आरोग्यविषयक बातमीदारी केली. त्यातला मोठा भाग क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय या, शरीराच्या आतील चित्रे घेणाऱ्या तपासण्यांविषयी लिहिण्यात गेला. या कामासाठी विज्ञान शिकावे लागले, हे खरेच आहे. परंतु मागे वळून पाहता माझ्या चुका विज्ञानापेक्षा वाक्यरचनेत अधिक झाल्या, असे दिसते. म्हणून हे क्षेत्र जितके डॉक्टरांचे, तितकेच भाषेच्या अभ्यासकाचे आहे, असे माझे मत झाले आहे. ते मत स्पष्ट करताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

लिफाफ्यातील अहवाल

मी भाईंदरला राहते. १९८५ साली येथे नगरपरिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. एकीकडे उत्तनसारखी मच्छीमारांची गावे, दुसरीकडे मिठागरे आणि मध्ये लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना दाटीने वाढलेल्या इमारती, असे हे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेलेली होती. येथे मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. तपासणी केंद्रातून मिळणारा अहवाल मात्र इंग्रजीत असतो.

एकदा संध्याकाळच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरचा मोठा लिफाफा उघडला आणि अहवालाचा कागद माझ्यापुढे धरून म्हटले, "ताई, ह्यात काय लिहिलंय ते सांगा ना. डॉक्टर परवा भेटणार." अहवालाच्या शेवटी "नो अ‍ॅब्नॉर्मॅलिटी डिटेक्टेड" असे शब्द होते. "काही दोष नाही" असे मी सांगून टाकले. बाईंनी कागद कपाळाला लावला. मीरा रोडला त्या उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आले, की अहवालात तसे लिहिलेलेच नव्हते. "दोष नाही" आणि "दोष आढळला नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान शरीराविषयी आहे, दुसरे त्या दिवशी त्या यंत्रावर केलेल्या त्या तपासणीविषयी आहे. अस्थिभंगाची बारीक रेघ पहिल्या क्ष-किरण चित्रात न दिसता दहा-बारा दिवसांनी घेतलेल्या चित्रात दिसू शकते. म्हणूनच अहवाल लिहिणारे तज्ज्ञ अनेकदा शेवटी "लक्षणांशी पडताळून पाहावे" अशी सूचना जोडतात. मी ती सूचना गाळली आणि एका क्रियापदाची अदलाबदल केली. व्याकरणाच्या तासाला ही चूक किरकोळ ठरली असती. गाडीत ती तशी नव्हती.

बातमीतून जन्मलेले शास्त्र

या विषयाचे आणि वृत्तपत्रांचे नाते पहिल्यापासून निकटचे आहे. विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. १ जानेवारी १८९६ रोजी त्यांनी आपला शोधनिबंध आणि काही चित्रे निवडक शास्त्रज्ञांना टपालाने पाठविली. त्यांतील एक संच व्हिएन्नात पोहोचला, तेथून तो 'डी प्रेस' या वृत्तपत्राच्या संपादकांच्या हाती गेला आणि ५ जानेवारीला बातमी छापून आली. त्यानंतर ती तारायंत्राने जगभर पसरली. विशेष असे, की अस्थिभंगाच्या निदानासाठी आणि शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी या किरणांचा उपयोग होईल, ही शक्यता त्या पहिल्या बातमीतच वर्तविली होती. बातमीदाराची दृष्टी किती दूरवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. किरणांच्या नवलाईच्या बातम्या पहिल्या वर्षातच जगभर झाल्या. त्यांनी होणाऱ्या इजांना मात्र तेवढी जागा मिळाली नाही. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत या किरणांवर काम करणारे त्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली या इजांमुळे मरण पावले.

राँटगेन यांनी या किरणांना 'एक्स' म्हटले, कारण गणितात अज्ञात राशीसाठी ते अक्षर वापरतात. मराठी बीजगणितात अज्ञात राशी 'क्ष' असते. म्हणून आपण 'क्ष-किरण' म्हणू लागलो. शब्द बनविणाऱ्याने अक्षराचे लिप्यंतर न करता त्यामागील अर्थ मराठीत आणला. विज्ञानाची मराठी कशी घडावी, याचा हा वस्तुपाठ आहे. पुढील तपासण्यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले गेले. त्यासाठी गॉडफ्री हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मात्र केवळ 'सीटी' ही आद्याक्षरे उचलली. त्यांचा अर्थ ठाऊक नसतानाही आपण त्याविषयी बातम्या लिहितो आणि वाचतो.

माझी चूक

आता ज्या चुकीचा उल्लेख केला, तिच्याकडे वळते.

करोनाच्या साथीत छातीचा एचआरसीटी हा शब्द घरोघरी पोहोचला. 'स्कोअर किती आला?' असे लोक एकमेकांना विचारीत. राज्य शासनाला सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचे कमाल दर ठरवून द्यावे लागले. यंत्राच्या क्षमतेनुसार ते २००० ते ३००० रुपये होते. दुसऱ्या लाटेत सौम्य लक्षणे असलेले लोकही स्वतःहून स्कॅन करून घेऊ लागले. तेव्हा, मे २०२१ च्या प्रारंभी, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला, की सौम्य लक्षणे असताना सीटीची गरज नाही आणि एक सीटी छातीच्या तीनशे ते चारशे एक्स-रेंइतका असतो. रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने या तुलनेला आक्षेप घेतला आणि आधुनिक, कमी मात्रेच्या तंत्रात ती पाच ते दहा एक्स-रेंइतकीच असते, असे सांगितले.

मी बातमी लिहिली. "एक सीटी म्हणजे चारशे एक्स-रे!" हा मथळाही मीच सुचविला. सौम्य लक्षणांची अट बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात होती. संघटनेचा खुलासा दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका स्तंभात आला.

काही महिन्यांनी भाईंदर पश्चिमेतील एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांच्या वृद्ध आई न्हाणीघरात घसरल्या होत्या. नंतर डोके दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याचा सीटी करण्यास सांगितले. आईंनी ठाम नकार दिला, कारण माझ्या बातमीचे कात्रण त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते. दोन आठवडे गेले. मग उजवा हात उचलेना, तेव्हा तपासणी झाली. कवटीच्या आत साकळलेले रक्त मेंदूवर दाब देत होते. शस्त्रक्रिया झाली, आई वाचल्या. पण हाताची पकड पूर्ववत झाली नाही. गृहस्थ रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, तुम्ही लिहिलेलं खोटं होतं का?"

खोटे नव्हते; आणि उत्तर देणे त्यामुळेच कठीण गेले. हिशेब असा आहे. किरणोत्साराची मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. छातीचे समोरून घेतलेले एक क्ष-किरण चित्र म्हणजे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, नेहमीच्या पद्धतीचा छातीचा सीटी म्हणजे सुमारे ७. भागाकार केला तर ३५० येतात. परंतु कमी मात्रेच्या सीटीत हा आकडा १ ते १.५ पर्यंत खाली येतो, आणि दोन बाजूंनी घेतलेल्या एक्स-रेची एकूण मात्रा ०.१ धरली, तर गुणोत्तर दहा-पंधरावर येते. म्हणजे कोणता सीटी आणि कोणता एक्स-रे, हे सांगितल्याशिवाय दोन्ही आकडे अपुरेच होते. डोक्याच्या सीटीची मात्रा तर सुमारे २ मिलिसिव्हर्ट असते. जमीन, हवा, अन्न आणि अंतराळ यांतून माणसाला नैसर्गिकरीत्या वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्या आईंनी वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेहूनही कमी असलेल्या किरणांची धास्ती घेतली आणि डोक्यातला रक्तस्राव दोन आठवडे सोसला. ती धास्ती माझ्या मथळ्याने त्यांच्या मनात घातली होती.

"आम्ही फक्त सांगितलेले छापतो"

यावर माझे अनेक सहकारी एक युक्तिवाद करीत असत. बातमीदार हा डॉक्टर नव्हे. अधिकारी व्यक्ती जे बोलली ते अचूक, तिच्या नावानिशी छापणे हेच त्याचे काम. तज्ज्ञांच्या म्हणण्याला तो आपल्या समजुतीने मुरड घालू लागला, तर अनर्थ वाढेल. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. तज्ज्ञाचे वाक्य 'सोपे' करण्याच्या नादात त्याचा अर्थ उलटा झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

परंतु या युक्तिवादात एक गफलत आहे. आपण वाक्य जसेच्या तसे कधीच छापत नाही. त्यातून काय निवडायचे, मथळ्यात काय घ्यायचे, काय तिसऱ्या परिच्छेदात ढकलायचे, हे आपणच ठरवितो. मी डॉक्टरांच्या विधानातील आकडा मथळ्यात घेतला आणि अट मागे ठेवली. आकडा त्यांचा होता. अटीपासून त्याची फारकत मी केली. अवतरणचिन्हांनी शब्दांची मालकी ठरते, निवडीची जबाबदारी टळत नाही. म्हणून माझे मत असे, की आरोग्याच्या बातमीत आकडा आणि त्याची अट एकाच वाक्यात यावी. आणि तेवढी जागा नसेल, तर आकडा मथळ्यात घेऊ नये. याने मथळा कमी आकर्षक होईल. तो तोटा सोसण्याजोगा आहे.

यंत्राचे कार्य ठाऊक नसले, की शब्द कसे चुकतात, याचे दुसरे उदाहरण पाहा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि प्राणास मुकला. 'यंत्राने माणसाला खेचले' अशा आशयाच्या बातम्या झाल्या. एमआरआयचे चुंबक माणसाला खेचत नाही. ते लोखंडी वस्तूला खेचते. बहुतेक यंत्रांत हे अतिसंवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेले असते आणि ते चोवीस तास कार्यरत असते. 'मशीन बंद आहे' याचा अर्थ चित्र घेणे बंद आहे, एवढाच. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. 'यंत्राने खेचले' असे वाचणारा यंत्राला घाबरेल. 'चुंबक कधीच बंद नसते, धातूची वस्तू आत नेऊ नका' असे वाचणारा खिशातील किल्ली बाहेर काढून ठेवील. दोन्ही वाक्ये एका ओळीत मावतात. उपयोगी पडते ते दुसरे.

सोनोग्राफी आणि एक शब्द

महाराष्ट्रात या विषयावर लिहिणाऱ्या पत्रकाराची खरी कसोटी सोनोग्राफीने घेतली. १९८० च्या दशकात मुंबईच्या उपनगरी गाड्यांत गर्भलिंगतपासणीच्या जाहिराती उघडपणे लागत. पुढे हुंड्यासाठी मोठी रक्कम मोजण्यापेक्षा आज थोडा खर्च करा, असा त्यांचा आशय असे. त्याविरुद्ध मुंबईतील महिला आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी चळवळ उभारली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली.

या काळात साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी गरोदर महिलांच्या साहाय्याने गुपचूप होणाऱ्या तपासण्या उघडकीस आणल्या. २००१ साली हे प्रमाण ८३९ इतके खाली गेलेल्या कोल्हापुरात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा उपक्रम राबविला. त्यास रेडिऑलॉजिस्टांनी दिलेले आव्हान २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळले. हेच देशमुख पुढे २०१८ च्या बडोदे येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा त्यांचा कथासंग्रह याच प्रश्नावर आहे. साहित्य, प्रशासन आणि यंत्र यांचा असा संबंध आपल्या भाषेत घडला आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

या लेखनात एक शब्द आम्ही सर्वांनी बेफिकिरीने वापरला : 'भ्रूणहत्या'. अन्यायाची चीड त्यातून व्यक्त होते, म्हणून तो मथळ्यांत रुळला. परंतु गर्भपात हा १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर वैध आहे, आणि अडचणीत सापडलेल्या स्त्रीसाठी तो आरोग्यसेवेचा भाग आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा, ते सांगण्याचा आणि त्यावरून निवड करण्याचा. 'हत्या' हा शब्द या सगळ्यांना एकाच पारड्यात टाकतो. मग वैध उपचारासाठी आलेली स्त्री स्वतःला गुन्हेगार समजू लागते आणि काही डॉक्टरही हात आखडता घेतात. स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा धोका अनेक वर्षे दाखवून दिला आहे. 'गर्भलिंगनिवड' हा शब्द कमी धारदार आहे, परंतु तो गुन्ह्यावर नेमके बोट ठेवतो. मी तो उशिरा स्वीकारला.

नेमकेपणाबरोबर न्यायबुद्धीही हवी. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी 'एफ' नमुना भरावा लागतो. त्यातील लेखनिकी चुकांसाठीही आपल्याला गुन्हेगार ठरविले जाते, अशी डॉक्टरांची तक्रार होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही, कारण नोंद हाच या कायद्याच्या अंमलबजावणीचा कणा आहे. पत्रकाराने तक्रार आणि निकाल दोन्ही सांगावेत. कायद्याच्या बाजूने उभे राहताना प्रत्येक सोनोग्राफी केंद्राला संशयाच्या भोवऱ्यात उभे करण्याची गरज नसते. गर्भातील बाळाची वाढ आणि आईचा धोका याच यंत्रावर कळतो.

आपल्यासाठी काम

तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्याने या क्षेत्रात काय करावे? पहिले काम शब्दांचे. 'गाठ' हा एकच मराठी शब्द घ्या. पाण्याने भरलेली पिशवी, चरबीचा गोळा, सुजलेली ग्रंथी आणि कर्करोग या सर्वांना आपण गाठच म्हणतो, आणि ऐकणारा सर्वांत वाईट तोच अर्थ घेतो. 'पाण्याची गाठ', 'चरबीची गाठ' असे विशेषण जोडले, तर घरातील जेवण त्या दिवशी नीट होते. 'फुप्फुसावर डाग' या शब्दप्रयोगाचेही तसेच आहे. तो डाग जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असू शकतो.

दुसरे काम प्रश्नांचे. अशी कोणतीही बातमी लिहिताना किंवा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : नेमकी कोणती तपासणी? कोणासाठी? आणि ती न केल्यास काय होईल? माझ्या त्या बातमीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मागे पडली होती आणि तिसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्या आईंचा हात तिसऱ्या प्रश्नात अडकला होता.

आपल्यापैकी बरेच जण नोकरी, घर, मुले सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. घरात कुणाचा अहवाल आला, की 'तू शिकतोस ना, वाच बरे' असे म्हणून तो आपल्याच हाती दिला जात असेल. त्या क्षणी आपण बातमीदारच असतो. आपला वाचक समोर बसलेला असतो आणि तो आपल्या वाक्यावर निर्णय घेणार असतो. जे लिहिले आहे तेच सांगावे, जे कळले नाही ते कळले नाही म्हणावे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत एका कागदावर लिहून द्यावेत.

त्या गृहस्थांना मी शेवटी उत्तर दिले : "खोटं नव्हतं, पण अर्धं होतं." ते म्हणाले, "मग उरलेलं अर्धं आता लिहा." हा लेख त्या सांगण्याला धरून लिहिला आहे.